दोन खिडक्या कमी

आमच्या हेब्रॉन गावात कुणी निवर्तले की त्याची वार्ता प्रथम चर्चच्या मनोऱ्यावरून ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये देतात. चालीवरून ऐकणाऱ्यास कळते की गेलेली व्यक्ती विवाहित पुरुष होती, विवाहित स्त्री होती, की अविवाहित. नाव मागाहून समजते. मार्च महिन्यातील एका सकाळी विवाहित पुरुषांची चाल वाजली, तेव्हा मात्र नाव विचारण्यास कुणी दाराबाहेर आले नाही. अर्विन क्लेक्नर हिवाळाभर अंथरुणाला खिळून होता, आणि त्याची बायको व्हर्ना हिने घराचे पडदे त्या सकाळी उघडले नव्हते.

मला सांगायचे आहे ते व्हर्नाविषयी. परंतु अर्विनला वगळून तिच्याविषयी काही सांगणे शक्य नाही.

व्हर्ना पाटीच्या दगडाच्या खाणीत राबणाऱ्याची मुलगी. शाळा सुटली तशी ती नदीकाठच्या रेशमी फितींच्या गिरणीत लागली आणि गिरणी बंद होईपर्यंत तिथेच राहिली; आधी मागावर, पुढे कापणीच्या टेबलावर. कोणत्याही वस्तूच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवून पाहण्याची सवय तिला तिथे जडली. पावाच्या कापावरून, प्रार्थनेच्या पुस्तकावरून, नव्या शेजाऱ्याच्या कुंपणावरूनही ती नख फिरवी. ती बोलत असे थोडे, पण त्या थोड्याला धागे सुटलेले नसत.

अर्विन न्यूयॉर्कहून बफलोला जाणाऱ्या दिवसाच्या गाडीच्या भोजनाच्या डब्यात मुख्य कारभारी होता. माणूस इतका उंच की चर्चच्या तळघरात शिरताना त्याला मान वाकवावी लागे. धावत्या गाडीत काठोकाठ भरलेली सूपची ताटली तो एकही थेंब न सांडता नेत असे. त्याच अर्विनने घरच्या अरुंद स्वयंपाकघरात व्हर्नाचे निम्मे कप फोडले होते. टेबलाच्या कोपऱ्याशी वळताना तो आधी कंबर आत घेई, मग खांदा बाहेर काढी, आणि तरीही कुठेतरी आपटेच. व्हर्नाने अखेर त्या कोपऱ्याला कापसाची गादी बांधली होती. "घोड्यासाठी दारं रुंद करता येत नाहीत, म्हणून खिळे तरी काढून ठेवते," असे ती म्हणे.

प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि अर्विन घरी बसला. त्यानंतरची सारी वर्षे त्याने तळघरात ती गाडी पुन्हा घडवण्यात घालवली. खेळण्यातील रुळावर चालणारी, पण मापात तसूभरही खोटी नसलेली. सहा डबे, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे, प्रत्येक जवळजवळ हातभर लांब. भोजनाच्या डब्यात टेबले होती, टेबलांवर पांढऱ्या फितीच्या कापाचे मेजकापड होते. ती मेजकापडे व्हर्नाने चिमट्याने धरून चिकटवली होती.

येथे अर्विनच्या हातून ती चूक झाली, जी आमच्या गावातील रेल्वेची निवृत्त माणसे हमखास करतात. आयुष्यभर ज्यांनी मैलभर रुंद वळणे पाहिली, त्यांना वळणासाठी जागा शोधावी लागते हे सुचतच नाही. ते आधी डबे बांधतात आणि मग घर मोजतात. गावात सर्वांकडे असतो तो सत्तावीसचा रूळ. त्याचे पूर्ण वर्तुळ सत्तावीस इंचांत मावते. त्या रुळावर दुकानातले आखूड डबे सुखाने फिरतात. अर्विन त्यांना 'आंघोळीचे टब' म्हणत असे. त्याचे स्वतःचे लांब डबे त्या वळणावर फिरू शकत नसत. म्हणून ते फळीवर काचेआड राहिले. रविवारी एखादा डबा खाली काढून स्वयंपाकघरापासून ओसरीच्या दारापर्यंत टाकलेल्या सरळ रुळावर तो हाताने ढकलीत नेई आणि तसाच परत आणी.

"आखूड करून घे की एखादा," असे त्याला अनेकांनी सुचवले होते.

"ज्या डब्यात उभा राहून जन्म काढला त्याचं पोट फाडू?" एवढेच उत्तर मिळे.

शेवटच्या आजारपणात मात्र एके दिवशी तो व्हर्नाला म्हणाला, "एकदा फिरलेली पाहायला हवी होती गं. चर्चच्या पुट्झमध्ये. सगळ्या गावासमोर." त्यानंतर तो गाडीविषयी बोलला नाही.

पुट्झ म्हणजे नाताळचा देखावा; तो आमच्याकडे घरोघरी मांडतात. चर्चचा पुट्झ तळघरात असतो आणि तो सर्वांत मोठा. एका अंगाला शेवाळ, दगड आणि झाडांचे बुंधे रचून बेथलेहेम. दुसऱ्या अंगाला आमचे स्वतःचे गाव, त्याची नदी, पूल, रेशमाची गिरणी आणि भोवती फिरणारी आगगाडी. शेवाळ दर वर्षी नवे आणावे लागते. बाकी सारे जिथल्या तिथे ठेवावे, असा समितीचा नियम आहे. तळघराच्या दोन खांबांमध्ये टेबल जेमतेम बसते, त्यामुळे रूळ सत्तावीसचाच. वळणाच्या आतल्या बाजूस अगदी रुळालगत गिरणी उभी आहे. सिगारच्या खोक्यांच्या लाकडाची ती गिरणी क्लेटन उनांगस्ट यांच्या वडिलांनी केली होती. स्वतः उनांगस्ट गावातील औषधांच्या दुकानाचे मालक आणि पुट्झ समितीचे अध्यक्ष. चिटणीस मी. व्हर्ना तिच्या गिरणीच्या दिवसांपासून शेवाळ वेचणाऱ्या बायकांत होती.

ऑक्टोबरमध्ये पुट्झचे टेबल उघडले, रूळ टाकले, घरे मांडली, तेव्हा व्हर्ना पावाच्या डब्यात, जेवणाच्या टेबलावरील कापडात गुंडाळून, अर्विनचा भोजनाचा डबा घेऊन आली.

"बाकीचे पाच घरीच राहू देत," ती म्हणाली. "हा एकच. या नाताळला एकदा फिरला पाहिजे."

नाही म्हणण्याचे कारण कुणापाशी नव्हते. रेल्वेत सांधेवाला म्हणून राबलेला होबार्ट सीगफ्रीड विजेच्या मुठीशी बसला. डबा इंजिनामागे जोडला. उनांगस्ट यांनी आपला तळहात गिरणीच्या भिंतीशी उभा धरला.

"होबार्ट, हळू. अगदी हळू."

"याहून हळू म्हणजे उभीच राहील," होबार्ट पुटपुटला.

सरळ रुळावर डबा असा आला की बोलणे थांबले. मग वळण लागले. चाके रुळावर राहतात, परंतु डब्याचे अंग वाकत नाही. शाळेत मी मुलांना सांगत असे की वर्तुळात जीवा ओढा. ती जितकी लांब तितकी कंसापासून आत, केंद्राकडे सरकते. त्याच नियमाने डब्याचे पोट आत झुकले आणि उनांगस्टांच्या तळहातावर येऊन टेकले. त्याच क्षणी शेपटी बाहेर फेकली गेली आणि बुंध्यावरील शेवाळ खरवडून निघाले.

"क्लेटन, हात काढ ना मधून," व्हर्ना म्हणाली.

"काढतो. आधी तुझ्या नवऱ्याला आवर."

हशा पिकला. व्हर्ना हसली नाही, रागावलीही नाही. ती वाकून डबा आणि गिरणी यांच्या मधल्या जागेकडे पाहत होती.

"गिरणी बोटभर आत घेतली तर?"

उनांगस्ट यांनी हात पुसला. एरवी ते तिला व्हर्ना म्हणत. नकार द्यायचा असला की जुन्या मंडळींच्या पद्धतीने 'भगिनी' म्हणत.

"भगिनी क्लेक्नर, माझ्या वडिलांनी ही गिरणी इथं मांडली तेव्हा तिच्या बुडाभोवती शिसपेन्सिलीची रेघ मारून ठेवली. ती रेघ अजून आहे. दर वर्षी मी गिरणी त्या रेघेवर ठेवतो. बोटभर सरकवली तर ती रेघ कुणाची राहील?"

"रेघ शेवाळाखाली असते. दिसते कुणाला?"

"मला."

होबार्टने उगाचच मूठ पुढेमागे केली. व्हर्नाने डबा कापडात गुंडाळला आणि जाताना गिरणीच्या छपराच्या कडेवरून अंगठ्याचे नख एकदा फिरवले.

गावात त्या आठवड्यात दोन पक्ष पडले. विधवेसाठी बोटभर लाकूड सरकत नसेल तर तो पुट्झ कसला, असे एक पक्ष म्हणे. आज गिरणी हलवाल, उद्या तारा हलवाल, आणि परवा गोठ्यातल्या बाळालाही म्हणाल की जरा पलीकडे सरक, असे दुसरा म्हणे. व्हर्नाची बहीण मिरियम, जी जन्मभर उनांगस्टांच्याच दुकानात औषधांच्या पुड्या बांधीत आली होती, तिने तर त्यांच्याशी बोलणे सोडले. पुड्या मात्र बांधीत राहिली. व्हर्ना कुणाच्याच बाजूने बोलली नाही.

नोव्हेंबरमध्ये आम्ही काही जण देवाच्या शेतात पाने गोळा करण्यास गेलो. आमच्या दफनभूमीला आम्ही देवाचे शेत म्हणतो. तिथे घराणी नसतात. पुरुष पुरुषांच्या रांगेत, स्त्रिया स्त्रियांच्या. ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने. आणि प्रत्येकाच्या अंगावर सपाट दगड, सर्वांना एकाच मापाचा. मिरियमने अर्विनच्या दगडावरील पाने बाजूस सारली.

"केवढा उंच माणूस, आणि दगड बघ. सगळ्यांएवढाच."

"पाय दुमडून घेतले असतील त्यानं," व्हर्ना म्हणाली.

मिरियमला हे आवडले नाही. "काहीतरीच बोलतेस."

"खरं तेच बोलते. इथं कुणी कटकट केली नाही ना त्यानं? ना उंचीची, ना रांगेची. मी उद्या वाटेपलीकडे बायकांच्यात जाणार, तेही त्याला चालतंय."

चार रांगा मागे उनांगस्टांच्या वडिलांचा दगड होता. व्हर्नाने त्यावरचीही पाने काढली, आणि मग दाताळे माझ्या हाती देत म्हणाली,

"मास्तर, मेलेली माणसं दोन्हीकडे आहेत. क्लेटनचा बाप माझं ऐकणार नाही. अर्विन ऐकेल."

तिच्या मनात काय आले होते ते मला त्याच संध्याकाळी कळले. तिने मला घरी बोलावले. टेबलावर भोजनाचा डबा होता, जाड पुठ्ठ्यातून कापलेली त्याची सावली होती, आणि चाकांच्या जागी दोन टाचण्या टोचून ती सावली कागदावर काढलेल्या वळणावरून फिरवून पाहिली होती. तिला पडताळा हवा होता. मी जीवा मांडली, हिशेब केला आणि डबा किती इंचांनी आखूड झाला तर गिरणी वाचेल ते सांगितले.

"इंच नकोत मला. खिडक्या सांगा."

"दोन," मी म्हणालो.

"मधल्या?"

"मधल्याच. टोकं राखावी लागतील."

मिरियम चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, "तो जिवंत असता तर हात धरला असता तुझा."

"जिवंत असता तर मी त्याची करवत घेतली नसती."

"आणि ती मेजकापडं? तूच चिकटवलीस ना ती? तीही जाणार, मधल्या दोन टेबलांची?"

"जाणार."

"मग गिरणीच हलवायला लाव ना त्या क्लेटनला! पाळकांना सांग. सगळं गाव तुझ्या बाजूनं आहे."

"सगळं नाही, निम्मं. आणि बाजू घेऊन काय करायचंय? पुट्झ बघायला सगळ्यांनी एकाच दारातून यायचंय." तिने डबा हातात घेतला आणि खिडकीच्या खांबावरून नख फिरवले. "गिरणीत थान कापताना मुकादम सांगायचा, कात्री लावायच्या आधी रडून घ्या, मधे रडलं की काप वाकडा जातो. मार्चमध्ये रडून झालंय माझं."

मी डब्याची टोके धरली. तिने कापले. अर्विनची ती बारीक पात्याची करवत होती आणि अ‍ॅल्युमिनियमचा चुरा जेवणाच्या टेबलावर, कापसाची गादी अजूनही बांधलेल्या त्या कोपऱ्यापर्यंत, पिठासारखा पसरत गेला. पहिल्या कापानंतर ती थांबली, पाणी प्याली, आणि दुसरा काप घेतला. मधला तुकडा तिच्या हातात आला: दोन खिडक्या, दोन टेबले, दोन मेजकापडे. तो तिने फुंकून स्वच्छ केला आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

पुढील काम सोपे नव्हते, पण त्यात दुःख नव्हते. उरलेले दोन भाग आतून पट्टी आणि स्क्रू लावून जोडले. टोकाच्या पायऱ्या कानशीने घासून काढल्या, कारण त्या वळताना चाकांना अडवीत. डबे एकमेकांस जोडणारा आकडा डब्याच्या अंगाला होता, तो काढून चाकांच्या संचाला लावला. अंगाला लावलेला आकडा डब्याच्या शेपटीबरोबर बाहेर जातो आणि पाठच्या डब्याला रुळावरून ओढून पाडतो. होबार्ट हे काम पाहण्यास आला आणि न सांगता करूही लागला. बाहेरच्या बाजूने सांधा दिसत होता, खिडकीलगतची एक उभी रेघ.

"त्यावर रुपेरी फीत लावून टाक," मिरियमने सुचवले. ती आता मदत करू लागली होती. "तुझ्याकडे ढीगभर असेल."

"राहू दे. झाकलं की लोक हात लावून बघतात."

नाताळच्या पूर्वसंध्येस मुलांचे प्रीतिभोजन, म्हणजे चर्चमध्ये पाव वाटून घेत केलेली उपासना, दुपारीच होते. गोड पाव आणि कॉफीचे मग वाटले गेले, मुलांना दूध. गीत झाले, लाल कागदाच्या झालरी लावलेल्या मेणबत्त्या विझवल्या गेल्या, आणि सारी मंडळी दाटीवाटीने तळघरात उतरली. उंच माणसांनी मान वाकवली. रेल्वेची निवृत्त मंडळी नेहमीप्रमाणे पुलाच्या बाजूस उभी राहिली. व्हर्ना गिरणीच्या बाजूस होती, एप्रन न सोडता आलेली, कारण संध्याकाळच्या प्रौढांच्या भोजनाची कॉफी तिच्याकडे होती.

उनांगस्ट यांनी बेथलेहेमचा दिवा लावला, वचन वाचले, मग गावाचे दिवे लावले. होबार्टने मूठ फिरवली. इंजिन, एक आखूड सामानाचा डबा, त्यामागे अर्विनचा भोजनाचा डबा आणि शेवटी आणखी एक आखूड डबा. गाडी पुलावरून निघाली. उनांगस्ट यांचा तळहात गिरणीच्या भिंतीशी होताच.

वळण आले. डब्याचे पोट आत झुकले, उजळलेल्या खिडक्या गिरणीच्या खिडक्यांसमोरून गेल्या, आणि डबा तळहाताला न शिवता पुढे निघून गेला. मध्ये कागद सरकवावा इतकेच अंतर असावे. पलीकडे नदीपाशी रूळ आधी डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळतो. तिथे दोन आखूड डब्यांमध्ये तो लांब डबा आधी कमरेत आत गेला, मग खांद्याने बाहेर आला, क्षणभर आता आपटणार असा वाटला, आणि सावरून सरळ झाला.

"अरे!" रेल्वेच्या माणसांतून कुणीतरी ओरडले. "हा तर अर्विन स्वयंपाकघरातनं निघालाय!"

तळघर हसले. ज्यांनी त्याला कधी त्या घरात पाहिले होते ते सर्व हसले, आणि मिरियमही हसली, डोळे पुसत. मग हसणे आपोआप ओसरले. दुसऱ्या फेरीला फक्त चाकांचा आवाज येत होता. व्हर्नाचा हात एप्रनच्या खिशात होता. डबा नदीपाशी जाऊन कमरेत वळे तेव्हा तिचीही कंबर किंचित आत जाई, जणू तिच्या मागून कुणी मोठ्या अंगाचे वाट मागत होते.

"बरा फिरतो," ती हळूच म्हणाली. मी आणि उनांगस्ट, आम्ही दोघेच ऐकण्याइतके जवळ होतो. "दोन खिडक्या कमी आहेत. कुणी मोजल्या नाहीत."

उनांगस्ट यांची नजर गाडीवर होती.

"मी मोजल्या, व्हर्ना."

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग खिशातला तुकडा काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला, चष्मा वर सरकवून दोन्ही टेबलांवरची मेजकापडे पाहिली, कापलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवले आणि दोन्ही हातांनी तो तिला परत दिला. त्यासाठी गिरणीपाशी धरलेला हात त्यांना काढावा लागला होता. गाडी पुन्हा वळणावर आली. त्यांनी हात परत तिथे नेला नाही; कोटाच्या खिशात घातला, आणि डबा गिरणीसमोरून जाईपर्यंत श्वास रोखून उभे राहिले.

"कॉफी उतू जाईल," व्हर्ना म्हणाली, आणि दाटीतून वाट काढीत, टेबलाच्या कोपऱ्याशी अंग चोरून, जिन्याकडे गेली.